‘रन’चे अर्थ पाठ करू नका: इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या सोलापूरकरांसाठी

लांबलचक इंग्रजी शब्द शिकणाऱ्याला फारसा त्रास देत नाहीत. ‘फोटोसिंथेसिस’ एकदा कळला की कळला, त्याला अर्थ एकच. छळतात ते गेट, सेट, टेक, रन असले चिमुकले शब्द. ते पहिलीत शिकवले जातात, म्हणून ते आपल्याला येतात असं आपण धरून चालतो. मग कुठल्या तरी कागदावर ‘कलर्स मे रन’ असं लिहिलेलं दिसतं आणि रंग पळणार म्हणजे काय, ते कळत नाही.

हा लेख ‘रन’ या एकाच शब्दाबद्दल आहे. तो लिहिताना डोळ्यांसमोर माझ्या संध्याकाळच्या वर्गात येणारी मंडळी आहेत. कुणी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या निर्यातीचे कागद बघतं, कुणी नर्सिंगला नुकतंच लागलंय, कुणी रेल्वेच्या नाहीतर बँकेच्या परीक्षेची तयारी करतंय. घरात कुणाच्या मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. एक शब्द नीट हाताळायला शिकलात की तीच रीत बाकीच्या शब्दांना लावता येते, म्हणून एकच घेतला.

आधी एक भीती काढून टाकू. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ पासून भागाभागांत निघू लागला आणि १९२८ साली पुरा झाला. त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे संपादकांनी ‘रन’ची नोंद नव्याने तपासली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. ही गोष्ट २०११ सालची. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार या एका शब्दावर सुमारे नऊ महिने बसले होते. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यालाही हे ६४५ अर्थ मोजून सांगता येणार नाहीत. तो ते वापरतो, एवढंच. तुम्हाला रोजच्या कामाला दहा-बारा पुरतात.

आणि हे काम तुम्ही मराठीत आधीच करता. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, बस फलाटाला लागते आणि तीच बस एखाद्याला ‘लागते’ही. वेळ लागतो, ऊन लागतं, लाल चादरीचा रंग पांढऱ्या शर्टाला लागतो. ‘लागणे’चे अर्थ पाठ करून कुणी मराठी शिकलेलं नाही. काय लागलं आणि कुणाला लागलं हे कानावर पडलं की अर्थ आपोआप उमटतो. ‘रन’शी असंच वागायचं.

पहिली पायरी: कोण ‘रन’ होतंय ते बघा

वाक्यात ‘रन’ दिसला की लगेच मोबाईलमध्ये अर्थ शोधू नका. आधी कर्ता शोधा. निम्म्याहून जास्त वेळा तिथेच उत्तर मिळतं.

कर्ता माणूस किंवा जनावर असेल आणि पुढे काही नसेल, तर धावणे. कर्ता यंत्र असेल तर चालू असणे: ‘द लूम इज रनिंग’ म्हणजे माग चालू आहे. कर्ता गाडी किंवा बस असेल तर तिची फेरी आहे असा अर्थ. रस्ता, भिंत, तार, नदी असेल तर जाणे, पसरणे, वाहणे. पुण्याहून मछलीपट्टणमला जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सोलापुरातून जातो, तो इंग्रजीत ‘रन्स थ्रू सोलापूर’. रस्ता जागचा हलत नाही, पण मराठीतही आपण ‘हा रस्ता कुठं जातो?’ असंच विचारतो. त्यामुळे इथे अडायचं कारण नाही.

कर्ता पातळ पदार्थ असेल तर वाहणे, गळणे. ‘माय नोज इज रनिंग’ म्हणजे नाक वाहतंय. हा अर्थ मागाहून चिकटलेला नाही. ‘रन’च्या जुन्या रूपात धावणे आणि वाहणे दोन्ही होतं, आणि इंग्रजीच्या नात्यातल्या जर्मनमध्ये ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे अशी दोन क्रियापदं आजही शेजारी शेजारी आहेत. न अडखळता पुढे सरकत राहणं, हा या शब्दाचा गाभा. बहुतेक अर्थ त्यातून फुटलेले दिसतात.

आता रंगाकडे येऊ, कारण सोलापूरकराला ‘रन’चा हा अर्थ आलाच पाहिजे. चादरीच्या किंवा टॉवेलच्या लेबलवर ‘कलर्स मे रन, वॉश सेपरेटली’ असं छापलं असेल, तर रंग जाण्याची शक्यता आहे, वेगळं धुवा, असं ते सांगतंय. इथे ‘रन’ म्हणजे पाण्याबरोबर रंग सुटून वाहत जाणं. घरी करून बघायचं असेल तर गडद लाल चादरीचं एक टोक कोमट पाण्यात बुडवा आणि त्याच पाण्यात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा टाका. पाणी गुलाबी झालं आणि तुकड्यावर गुलाबी झाक आली, तर ‘द कलर रॅन’. धंद्यातली माणसं याच अर्थाने ‘ब्लीड’ हा शब्दही वापरतात.

आणि रंग गेला नाही तर? मग तो ‘फास्ट कलर’. हे ‘फास्ट’ वेगवान नव्हे. ‘फास्ट’चा जुना अर्थ घट्ट, पक्का असा आहे, आणि गाढ झोपेला ‘फास्ट अस्लीप’ म्हणतात तो त्यातलाच. म्हणजे मैदानावर जो फास्ट तो जोरात रन करतो, आणि कापडावर जो फास्ट तो अजिबात रन होत नाही. इंग्रजी शिकवताना मला हे उदाहरण सगळ्यात आवडतं. दोन साधे शब्द, दोन जागा, आणि जागा बदलली की त्यांचं आपसातलं नातंच फिरतं. वर्गात हे सांगितलं की ज्यांच्या घरात तीन पिढ्या कापडात गेल्या आहेत त्यांचे चेहरे उजळतात, कारण पक्का रंग आणि कच्चा रंग हा फरक त्यांना इंग्रजीच्या आधीपासून ठाऊक असतो.

दुसरी पायरी: ‘रन’च्या पुढे काय आहे ते बघा

कर्ता माणूस असूनही ‘धावणे’ बसत नसेल, तर नजर पुढे न्या. पुढे नाम आलंय का? ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते. दुकान, खानावळ, शिकवणी, कारखाना, वसतिगृह, सगळं ‘रन’ करता येतं. इथे सोलापूरच्या माणसाला एक सोय आहे. मराठीत आपण चालणे या शब्दावरून ‘चालवणे’ केलं. तेलुगूत दुकान चालवण्याला ‘नडपडम्’ आणि कन्नडमध्ये ‘नडेसु’ म्हणतात, आणि दोन्हींच्या मुळाशी चालत जाणंच आहे. उर्दूतलं ‘चलाना’ही तसंच. म्हणजे शहरातल्या चारही भाषा दुकानाला चालायला लावतात, इंग्रजी धावायला लावते. घरात कोणतीही भाषा असो, हा अर्थ मनात बसायला अडचण येत नाही.

‘रन अ फीवर’ किंवा ‘रन अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणे. नर्सिंगच्या मुलींनी हे जसंच्या तसं घोकावं: ‘द पेशंट इज रनिंग अ फीवर’. मध्ये ‘विथ’ घालायचा नाही. ‘रन अ टेस्ट’ म्हणजे तपासणी करणे. ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे. संगणकावर प्रोग्राम ‘रन’ करणं तर सगळ्यांना माहीतच आहे.

पुढे नाम नसून ‘आऊट’, ‘इनटू’, ‘ओव्हर’, ‘शॉर्ट’ असा छोटा शब्द असेल तर दोन्ही मिळून एकच शब्द समजा, तोडू नका. ‘रन इनटू समवन’ म्हणजे कुणी तरी अचानक भेटणं. नवी पेठेत खरेदीला जाल आणि शाळेतली मैत्रीण समोर येईल, तेव्हा हे वाक्य वापरा. ‘रन ओव्हर’ म्हणजे वाहनाखाली येणं किंवा चिरडणं, आणि कार्यक्रम ठरल्या वेळेपेक्षा लांबणं हाही त्याचाच अर्थ. ‘रन डाऊन’ माणूस म्हणजे थकून अशक्त झालेला, आणि ‘रन डाऊन’ इमारत म्हणजे मोडकळीला आलेली.

‘रन आऊट’ आणि ‘रन शॉर्ट’ यांच्यावर मात्र थांबा, कारण निर्यातीच्या पत्रात या दोघांची गल्लत महागात पडते. ‘वी हॅव रन आऊट ऑफ यार्न’ म्हणजे सूत संपलं, हातात काही नाही. ‘वी आर रनिंग शॉर्ट ऑफ यार्न’ म्हणजे सूत संपत आलंय, पण अजून आहे. पहिलं वाक्य वाचून परदेशातला गिऱ्हाईक ऑर्डर दुसरीकडे हलवायचा विचार करील, दुसरं वाचून फार तर माल कधी निघणार ते विचारील. आणखी एक गोष्ट: वस्तू कर्ता असेल तर ‘ऑफ’ लागत नाही. ‘द यार्न हॅज रन आऊट’ बरोबर, ‘वी हॅव रन आऊट यार्न’ चूक.

क्रिकेटमधला ‘रन आऊट’ याहून वेगळा, तो तुम्हाला कुणी शिकवायला नको. क्रिकेटमध्ये ‘रन’ हे नामही आहे, धाव. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांनी ५९ कसोटींत ३६३१ रन केले, त्यातला हा ‘रन’. मराठीत ‘धाव’ हा शब्द या जागी चपखल बसतो, आणि म्हणूनच गोंधळ होतो. एका जागी बसला म्हणून लोक तो सगळीकडे बसवायला बघतात.

तिसरी पायरी: ‘रनिंग’ला वेगळा समजा

आपल्याकडे ‘रनिंग’ हा शब्द बोलण्यात इतका मुरलाय की तो इंग्रजी आहे हेच ध्यानात राहत नाही. सुताराचं आणि फर्निचरवाल्याचं ‘रनिंग मीटर’ म्हणजे रुंदी न धरता सलग लांबीवर मोजलेलं माप. ठेकेदाराचं ‘रनिंग बिल’ म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने काढलेलं बिल. साडीच्या दुकानातला ‘रनिंग ब्लाउज’ म्हणजे साडीच्याच कापडात सलग विणून आलेला ब्लाउजपीस. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे लागोपाठ तीन दिवस. मध्ये न तुटणं, हा या सगळ्यांना बांधणारा धागा.

सोलापूर हा रेल्वेचा विभाग असल्याने स्टेशनच्या आसपास ‘रनिंग रूम’ हा शब्द कानावर पडतो. ती धावायची खोली नव्हे. गाडीवर प्रत्यक्ष काम करणारे लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर यांना रेल्वे ‘रनिंग स्टाफ’ म्हणते, आणि ड्युटी संपवून परगावी आलेल्या या लोकांच्या विश्रांतीची जागा ती रनिंग रूम. रेल्वेच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा.

स्टेशनवरची घोषणा फुकटचा धडा असते. ‘द ट्रेन रन्स डेली’ हे वेळापत्रकाबद्दल बोलतं, गाडी रोज असते. ‘द ट्रेन इज रनिंग लेट’ हे आजच्याबद्दल बोलतं, गाडी उशिरा धावतेय. हुतात्मा किंवा सिद्धेश्वर एक्सप्रेसची वाट बघत उभे असाल, तेव्हा ‘रन्स’ ऐकू आलं की ‘इज रनिंग’, एवढंच कानात धरा. काळाचं जे व्याकरण वहीत समजत नाही, ते फलाटावर समजतं.

एक सावधगिरी. ‘रनिंग ब्लाउज’ हा आपल्या बाजाराचा शब्द. बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाला तो लिहून पाठवलात तर त्याला उलगडणार नाही. तिथे ब्लाउजचं कापड साडीला जोडूनच येतं, असं साध्या शब्दांत लिहा.

चौथी पायरी: कोश उघडायचा तर कसा

आता कोश उघडा, पण कोणता ते महत्त्वाचं. इंग्रजी-मराठी कोशात ‘रन’समोर धावणे, पळणे, वाहणे, चालवणे अशी ओळ दिसते आणि त्यातला कोणता उचलायचा ते कळत नाही. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना असा कोश तयार केला, तो तिथे १९४२ मध्ये निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने जगभर नेला. लाँगमनच्या १९७८ च्या कोशात तर सगळे अर्थ सुमारे २००० साध्या शब्दांतच सांगायचे असा नियम घालून घेतलेला होता. म्हणजे अर्थ समजायला दुसरा कोश लागू नये, याची काळजी कुणी तरी तुमच्यासाठी घेतली आहे. त्याचा फायदा घ्या. महाग वाटत असेल तर यांच्या वेबसाइटवर ते फुकट बघता येतात, आणि जुनी छापील प्रत वाचनालयात चाळायला मिळते.

नोंद वाचताना आधी नाम की क्रियापद ते बघा. मग व्याख्या सोडून थेट उदाहरणाचं वाक्य वाचा. तुमच्या वाक्यातला कर्ता ज्या उदाहरणातल्या कर्त्यासारखा असेल, तोच अर्थ तुमचा. तोच क्रमांक, तिथेच थांबा. सगळी नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला बसू नका.

रूपं बघून घ्या: रन, रॅन, रन. ‘रन्ड’ असं काही नसतं.

पाचवी पायरी: समानार्थी शब्द अदलून बघा

परीक्षेच्या पुस्तकात ‘रन’चे समानार्थी म्हणून स्प्रिंट, जॉग, फ्ली, ऑपरेट, मॅनेज, फ्लो असे शब्द एका ओळीत ठेवलेले असतात. ही ओळ पाठ करणं धोक्याचं आहे, कारण त्यातले दोन शब्द एकमेकांचे समानार्थी असतीलच असं नाही. ‘फ्लो’ आणि ‘मॅनेज’ यांचा एकमेकांशी काय संबंध? दोघंही ‘रन’च्या ओळखीचे, पण वेगवेगळ्या घरचे.

म्हणून आधी अर्थ ठरवा, मग त्या अर्थाचे समानार्थी वेगळे काढा. धावण्याच्या घरात कोण कोण आहे बघा. होम मैदानावर सकाळी तब्येतीसाठी हळूहळू धावतात ते ‘जॉग’. शंभर मीटरच्या शर्यतीत जीव तोडून धावतात ते ‘स्प्रिंट’. गाडी सुटताना फलाटावरून डब्याकडे जी घाईची धाव घेतली जाते ती ‘डॅश’. बिथरलेला घोडा उधळतो ते ‘बोल्ट’. संकटातून जीव वाचवायला पळणं म्हणजे ‘फ्ली’. मराठीतही धावणे, पळणे, उधळणे, धूम ठोकणे यांत आपण गल्लत करत नाही. स्पर्धेत पहिला आलेला मुलगा धावला असं म्हणतो, पोलिसांना बघून चोराने धूम ठोकली असं म्हणतो.

चालवण्याच्या घरात ‘रन’ सर्वांत मोकळा शब्द. मालकही रन करतो, त्याच्या वतीने बघणाराही करतो. ‘मॅनेज’ म्हटलं की व्यवस्था बघणं, मालकी असो वा नसो. ‘ऑपरेट’ यंत्राला आणि कंपनीच्या औपचारिक कागदाला शोभतो, आईच्या खानावळीला नाही. ‘माय मदर ऑपरेट्स अ मेस’ असं लिहिलंत तर व्याकरण बरोबर असूनही ते कानाला खटकतं. ‘रन्स’ लिहा.

निवडणुकीच्या घरात गंमत अशी की अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो आणि इंग्लंडमध्ये ‘स्टँड’. आपणही निवडणुकीला उभेच राहतो, तेव्हा मराठी माणसाला इंग्लंडची पद्धत सोपी जाते. बातम्या वाचताना दोन्ही ओळखता आले म्हणजे झालं.

कसोटी एकच: ‘रन’ काढून दुसरा शब्द ठेवा आणि वाक्य मोठ्याने वाचा. ‘माय नोज इज फ्लोइंग’ म्हणून बघा. अर्थ लागतो, पण असं कुणी म्हणत नाही. मग तो शब्द त्या जागचा नाही.

समानार्थी शब्दांचा जो जुना प्रसिद्ध इंग्रजी संग्रह आहे, तो पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शब्द अकारविल्हे नव्हते, कल्पनांच्या गटांत मांडले होते, आणि व्याख्या नव्हत्या. ज्याला शब्द येतात पण ऐन वेळी आठवत नाहीत, त्याच्यासाठी ती रचना होती. नवशिक्याने अशा यादीतून अनोळखी शब्द उचलून थेट निबंधात ठेवू नये. यादीत मिळाला की शिकणाऱ्यांच्या कोशात त्याचं उदाहरण बघायचं आणि मगच वापरायचा.

सहावी पायरी: वहीत शब्द नको, वाक्य लिहा

‘रन म्हणजे धावणे’ अशी दोन रकान्यांची वही बंद करा. एका पानावर मधोमध ‘रन’ लिहा आणि भोवती तुमच्या आयुष्यातली वाक्यं लिहा. ‘माय अंकल रन्स फोर लूम्स इन साखर पेठ.’ ‘वी हॅव रन आऊट ऑफ शेंगा चटणी.’ शेंगा चटणी हा शब्द तसाच ठेवायला हरकत नाही, त्याला इंग्रजी शोधत बसू नका. वाक्य खरं असलं पाहिजे, एवढी एकच अट. खरं वाक्य आपोआप लक्षात राहतं, पुस्तकातलं चार दिवसांत उडून जातं.

रोज एकच अर्थ घ्या आणि तो त्या दिवशी कुणाशी तरी बोलण्यात वापरा. बरोबर शिकणारं कुणी असेल तर उत्तम. समोरच्याने फक्त ‘हू इज रनिंग?’ एवढं विचारायचं, तुम्ही कर्ता सांगायचा आणि अर्थ त्याने ओळखायचा. माग, नाक, रस्ता, बहीण, रंग, ताप, गाडी असं बदलत राहा.

‘रन’ हातात आला की पुढे ‘चार्ज’ घ्या. मोबाईल चार्ज होतो, रिक्षावाला जास्त चार्ज करतो, नवा साहेब ऑफिसचा चार्ज घेतो, पोलीस चार्जशीट दाखल करतात आणि गर्दीवर लाठीचार्ज होतो. हे पाचही ‘चार्ज’ तुम्ही मराठी बोलताना आधीच वापरता. कोण चार्ज करतंय, कशाला आणि पुढे कोणता शब्द आलाय, हे तीन प्रश्न प्रत्येकाला विचारा आणि उत्तरं नव्या पानावर लिहून काढा.